मारहाणीच्या संसारातून बाहेर पडताना: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

नवरा तुमचा फोन तपासत असेल, तर हे त्या फोनवर वाचू नका. मैत्रिणीच्या, बहिणीच्या किंवा कामावरच्या फोनवर वाचा. उघडलंच असेल तर ब्राउझरच्या हिस्टरीतून एवढं एकच पान पुसा. सगळी हिस्टरी एकदम कोरी दिसली की तपासणाऱ्याला लगेच शंका येते.

समुपदेशनाच्या टेबलाशी बसून मी जे वर्षानुवर्षं पाहते, त्यात चूक धाडसाची फार क्वचित असते, क्रमाची नेहमी असते. भांडणाच्या भरात नवऱ्याला आधी सांगून टाकलेलं असतं, "मी आता इथे राहणार नाही." मग रात्री अकराला अंगावरच्या कपड्यांनिशी, मुलं ओढत, बाहेर. आठ दिवसांनी आधार कार्ड, शाळेचे दाखले आणि थायरॉइडच्या गोळ्या आणायला पुन्हा त्याच दारात. आणि त्या दारात, कुणी सोबत नसताना, आजवरचा सगळ्यात वाईट मार.

बाई निघतेय हे कळतं ती वेळ आणि ती निघून गेल्यावरचे काही आठवडे, हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा काळ असतो. म्हणून पहिला नियम: तयारी पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. धमकी म्हणूनसुद्धा नाही.

खाली "नवरा" असं लिहिलंय, पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा सासूसासरे, दीर, भाऊ, मुलगा आणि लग्नासारख्या नात्यात सोबत राहणारा जोडीदार, या सगळ्यांना लागू होतो. हिंसा म्हणजे फक्त मार असंही त्यात नाही. शिवीगाळ, संशय, बळजबरीचा संबंध, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं हे सगळं त्यात धरलेलं आहे.

## १. आधी धोका किती आहे ते मोजा

महिनाभर शांतपणे तयारी करायची की आजच निघायचं, हे यावर ठरतं. खालच्यापैकी काय घडलंय ते स्वतःशी खरं खरं सांगा:

- त्याने कधी गळा दाबला आहे का?
- चाकू, कोयता, रॉकेल, पेट्रोल हातात घेतलं आहे का?
- "तुला मारीन आणि मीही मरेन" असं म्हणतो का?
- गरोदरपणात मारलं आहे का?
- गेल्या काही महिन्यांत मार वाढला आहे का?
- तुमच्या मागे मागे येतो, कामावर येऊन उभा राहतो का?

यातला गळा दाबणं हा प्रकार बायका सगळ्यात हलका घेतात, कारण वळ उमटत नाही. "नुसतं धरलं होतं, सोडलं लगेच." जो नवरा गळा दाबतो, त्याच्या हातून पुढे खून होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शरीरालाही ते लगेच कळतं असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या वेळी लघवी होऊन जाणं, यातलं काहीही झालं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि "गळा दाबला" हेच शब्द डॉक्टरांना सांगा. आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उग्र होते.

थांबा. गळा दाबला असेल, किंवा वरच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकदम लागू होत असतील, तर पुढची सावकाश तयारी तुमच्यासाठी नाही. कागद मागून मिळतील. ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून मदत घेऊनच बाहेर पडा.

आणि आजच्या भांडणापुरतं एक: आवाज चढले की स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडा. एकात सुरी आणि गॅस आहे, दुसऱ्यातून बाहेर पडायला वाट नाही. बाहेरच्या दाराकडे सरका.

## २. एकच माणूस निवडा

सगळ्या माहेराला एकदम सांगू नका. आई रडेल, मामा तापेल, आणि कुणीतरी "समजवायला" जावयाला फोन लावेल. तुमचा बेत फुटतो तो बहुतेक वेळा असा, मायेपोटी.

एकच माणूस घ्या, जो तोंड बंद ठेवतो आणि रात्री फोन उचलतो. बहीण, कामावरची मैत्रीण, शेजारच्या काकू, आशाताई, कुणीही चालेल. त्या माणसाशी एक परवलीचं वाक्य ठरवा, कुणी ऐकलं तरी रोजचं वाटेल असं. एका ताईचं वाक्य होतं, "काकू, गिरणीत दळण राहिलंय." काकूंनी हे ऐकलं की प्रश्न न विचारता ११२ लावायचा आणि शेजाऱ्याला घेऊन बेल वाजवायची. एका रविवारी दुपारी ते दळण खरंच राहिलं, आणि सात मिनिटांत दारात चार माणसं उभी होती.

लहान मुलांना बेत सांगू नका. त्यांच्यावर गुपिताचं ओझं टाकणं बरोबर नाही आणि ते पेलवतही नाही. दोनच गोष्टी शिकवा: आईबाबांच्या मध्ये पडायचं नाही, आणि ११२ किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करून पत्ता कसा सांगायचा.

## ३. फोन

घाईघाईने सगळं बंद करू नका. लोकेशन अचानक बंद झालं तर तो सावध होतो. आधी फक्त पाहून घ्या:

१. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडा. अनोळखी संगणक किंवा फोन दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जात आहेत.
२. गुगल मॅप्समध्ये "लोकेशन शेअरिंग" कुणाशी चालू आहे ते पाहा.
३. फोनमधलं गुगल खातं कुणी उघडून दिलं, पासवर्ड कुणाकडे आहे? तुम्ही काढलेला जखमेचा फोटो त्याच खात्यात आपोआप जाऊन बसतो.
४. सिम कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो, बिल मागवू शकतो.
५. मुलांचा टॅब, गाडीचा फास्टॅग, पर्समध्ये टाकलेला छोटा ट्रॅकर हेही विसरू नका.

महत्त्वाचे फोन या फोनवरून करूच नका. जायच्या दिवसापासून वापरायला साधा जुना फोन आणि स्वतःच्या नावाचं नवं सिम त्या एका माणसाकडे ठेवा. बहिणीचा, हेल्पलाइनचा आणि शाळेचा नंबर कागदावर लिहा किंवा पाठ करा. फोन हिसकावला की पाठ असलेला एक नंबरच उरतो.

## ४. कागद

सगळ्यात जास्त अडतं ते इथे. मूळ कागद कपाटातून एकदम गायब झाले तर लक्षात येतं. म्हणून आधी प्रत्येकाचा फोटो किंवा झेरॉक्स, आणि मूळ कागद अगदी शेवटच्या दिवशी. जे मूळ कागद कुणी कधी पाहत नाही, उदाहरणार्थ तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, ते आधीच हलवा.

तुमचे: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, शाळा-कॉलेजचे दाखले, जातीचा दाखला, लग्नाआधीच्या नावाचे कागद, पासबुक, विमा, नोकरीची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या.

लग्नाचे: नोंदणीचा दाखला. नोंदणी केलेली नसेल तर पत्रिका, फोटो, भटजींचं किंवा कार्यालयाचं नाव, हजर असलेल्या दोन माणसांची नावं. नोंदणी नाही म्हणून तक्रार करता येत नाही, हा गैरसमज आहे.

मुलांचे: जन्मदाखले, आधार, लसीकरणाचं कार्ड, शाळेची प्रगतिपुस्तकं.

त्याचे, फक्त फोटो: पगाराची पावती, आयकर विवरण, बँकेचं नाव, सातबारा आणि ८-अ, घराचा करारनामा, गाड्यांचे नंबर, दुकानाचा परवाना. पोटगीच्या वेळी "मला काही उत्पन्नच नाही" असं तो म्हणणार आहे. २०२० पासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यातली लपवाछपवी उघडी पाडायला हेच फोटो कामी येतात.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर मी कित्येक बायकांना अडलेलं पाहिलं आहे. आधारला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला असतो. म्हणजे डिजिलॉकर उघडायला गेलात, बँकेत गेलात, कुठला सरकारी अर्ज भरला, की ओटीपी जातो त्याच्याकडे. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, जुन्या नंबरवरच्या ओटीपीची गरज लागत नाही. पण जुन्या नंबरवर काही मेसेज जाऊ शकतो असं धरूनच चला आणि हे काम निघायच्या अगदी तोंडावर किंवा निघाल्यावर लगेच करा.

तपासा. या कागदांची पिशवी तुमच्या घरात आहे का? मग ती पिशवी नाही, सापळा आहे. ती दुसऱ्याच्या घरात हवी. पिठाच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले कागद सासूला दळण आणायच्या दिवशी सापडल्याचं मी पाहिलं आहे.

## ५. पैसे आणि दागिने

स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात उघडा. पत्ता आणि मोबाइल नंबर आधीच नीट ठरवा, नाहीतर स्वागताचं पत्र घरी येतं. लाडकी बहीण योजनेचे किंवा इतर अनुदानाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं कोणतं आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात, हे पाहा. नवं खातं आधारशी जोडायचं असेल तर तेही निघाल्यावर.

जॉइंट खातं एका दिवसात रिकामं करू नका. त्याला मेसेज जातो आणि कोर्टात तो तुम्हालाच चोर म्हणतो. घरखर्चातून थोडे थोडे वाचवा. दोन आठवड्यांचं खाणं, प्रवास आणि औषधं एवढं रोख जमलं तरी निघता येतं.

लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने आणि भेटवस्तू, माहेरच्या असोत की सासरच्या, तुमचं स्त्रीधन आहेत. नवऱ्याचा त्यावर मालकी हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे. सोनाराच्या पावत्या, याद्या झाल्या तेव्हाचा कागद आणि दागिने घातलेले लग्नातले फोटो जपा. सोनं बाहेर काढायची सोपी वेळ आपल्या रिवाजातच आहे. लग्नकार्याला किंवा भाऊबीजेला बाई दागिने घालून माहेरी जाते, त्यात कुणाला नवल वाटत नाही. जे घालून गेलात त्यातलं थोडं तिथेच ठेवा. पण सोन्यासाठी निघणं लांबवू नका. ते नंतर कोर्टातून मागता येतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथल्या नागरी कायद्यात, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते. तुमचा विवाह तिथे नोंदलेला असेल तर वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

## ६. पुरावा जमवा, पण त्यासाठी मार खाऊ नका

एक वही करा, पण घरी ठेवू नका. प्रत्येक प्रसंगाच्या तीन ओळी: कधी, काय झालं, कुणी पाहिलं. तारीख आठवत नसेल तर "पोळ्याच्या आदल्या रात्री", "धाकटीच्या बारशानंतरचा सोमवार" असंही चालतं. आठवून, खरं आणि सुसंगत लिहिणं महत्त्वाचं.

मार लागला की सरकारी रुग्णालयात जा. केसपेपरवर "जिन्यावरून पडले" असं लिहू देऊ नका. "नवऱ्याने मारलं" हेच सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. सोबत नवराच आला असेल तर "आतली तपासणी आहे" असं सांगून नर्सकडे एकांत मागा. २००५ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा नावाचा विभाग खास अशाच बायकांसाठी चालतो. तुमच्या जिल्हा रुग्णालयात समुपदेशक आहे का ते विचारा.

मेसेज आणि रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन जपा. स्क्रीनशॉट ठेवून मूळ चॅट पुसणं ही नेहमीची चूक आहे. नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. पण रेकॉर्ड करताना पकडल्या गेलात तर काय होईल, याचा विचार आधी करा.

## ७. जायचं कुठे

माहेर हे बहुतेकींचं पहिलं उत्तर असतं, आणि नवऱ्याला शोधायला सुचणारं पहिलं ठिकाणही तेच. गळा दाबणं, हत्यार, मागावर राहणं यातलं काही असेल तर पहिले काही दिवस माहेर टाळा.

माहेरीच जाणार असाल तर भावाला आणि वहिनीला आधी स्पष्ट विचारा: किती दिवस, कुठल्या खोलीत, तो आला तर दार कोण उघडणार? संकोच वाटतो, पण आठव्या दिवशी "लोक काय म्हणतील" ऐकण्यापेक्षा हे बरं. माहेरच्यांना तीन गोष्टी बजावा: त्याला घरात घ्यायचं नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही, पहिल्या आठवड्यात बैठक बोलवायची नाही.

माहेर नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी "सखी" वन स्टॉप सेंटर असतं. तिथे काही दिवसांचा निवारा, वैद्यकीय मदत, पोलिस आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन, म्हणजे सरकारी योजनेतलं निवारागृह, किंवा शासकीय महिला वसतिगृह. सोबत मुलगा असेल तर त्याचं वय सांगून आधी विचारा, मोठ्या मुलग्यांना अनेक ठिकाणी घेत नाहीत. दारात पोचल्यावर हे कळणं फार वाईट. पत्ता आणि जागा १८१ वर विचारता येते.

## ८. निघण्याचा दिवस

साधा दिवस निवडा. तो कामावर आहे, मुलं शाळेत आहेत, तुम्ही रोजच्यासारख्या भाजीला निघाला आहात. भांडणानंतरची रात्र, पगाराचा दिवस, त्याच्या पिण्याचा वार टाळा. परीक्षा संपून निकाल लागल्यावरचा काळ मुलांच्या दृष्टीने सोपा असतो, पण धोका मोठा असेल तर परीक्षेकडे पाहू नका.

क्रम असा: आधी त्या एका माणसाला कळवा. मग मूळ कागद आणि औषधं घ्या. शाळेतून मुलांना तुम्ही स्वतः घ्या. आजवर वापरलेला फोन बंद करून सोबत ठेवा, टाकू नका, त्यात पुरावा आहे. ठरलेल्या वाटेने, ओळखीची रिक्षा टाळून, निघा.

मुलांना सोबत नेणं म्हणजे पळवून नेणं होईल का, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. कोर्टाचा ताब्याविषयी आधीच काही आदेश नसेल तर आई मुलांना सोबत नेऊ शकते. उलट "आधी मी जाते, मुलांना नंतर नेईन" यात मुलं अडकून पडतात आणि त्यांच्याच जिवावर तुम्हाला परत बोलावलं जातं.

थांबा. चिठ्ठी ठेवायची असेल तर एकच ओळ: "मी माझ्या इच्छेने जात आहे, मुलं माझ्यासोबत सुरक्षित आहेत." कारणं, आरोप, पत्ता, "मी चुकले" काही नाही. आणि जाताना कसल्याही कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर सही नाही.

## ९. पहिले तीन दिवस

पहिलं काम: पोलिसांना लेखी कळवा. हे न केल्यामुळे फार घोळ होतात. तुम्ही निघालात की तो ठाण्यात "मिसिंग" दाखल करतो, पोलिस शोधत येतात, आणि माहेरचे घाबरतात. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे जबाब देऊन विषय तिथेच संपतो. पण त्याआधी तुमचाच अर्ज ठाण्यात असलेला बरा. साध्या कागदावर लिहा की मी अमुक दिवशी छळाला कंटाळून स्वतःच्या इच्छेने मुलांसह घर सोडलं आहे, मला धोका आहे, माझा पत्ता नवऱ्याला देऊ नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिल्याचं सिद्ध होत नाही.

दुसरं: अंगावर जखम असेल तर तपासणी. वळ चार दिवसांत जातात.

तिसरं: तक्रार, आणि ती नेमकी काय नोंदली ते पाहा. मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईच्या हातात पुष्कळदा "एनसी" चा कागद पडतो. ती समाधानाने घरी येते, "केस केली." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिस त्याचा तपास करत नाहीत. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. पण नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणारा छळ, कलम ८५, दखलपात्र आहे. पूर्वी याला ४९८-अ म्हणत. म्हणून एका रात्रीची चापट सांगून थांबू नका. किती वर्षं, काय काय, कशासाठी, सगळं वहीवरून क्रमाने सांगा. एनसीही वाया जात नाही, पुढे कामाला येते. तिला एफआयआर समजू नका इतकंच.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, "तुमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. नवऱ्याच्या गावी जाऊन तक्रार करण्याचीही सक्ती नाही. छळामुळे जिथे आसरा घेतलात तिथे तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर तोच अर्ज पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा.

## १०. संरक्षणाचा अर्ज

फौजदारी तक्रारीने नवऱ्याला शिक्षा होऊ शकते, पण उद्याचं दूध, भाडं आणि सुरक्षितता त्यातून मिळत नाही. त्यासाठी २००५ च्या कायद्याखालचा, कलम १२ चा अर्ज लागतो. बायका एक करतात आणि दुसरा राहून जातो.

१. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. कार्यालय सापडत नसेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे विचारा. ते घटनेचा अहवाल तयार करतात. अनेक पोलिस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष किंवा भरोसा सेल आहे, तिथल्या समाजकार्यकर्त्या मदत करतात. मुंबईत हा विशेष कक्ष १९८४ पासून चालतो.
२. वकील मोफत मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.
३. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तुम्ही आज तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही चालतो.
४. एकाच अर्जात मागा: संरक्षण, राहण्याची सोय किंवा भाडं, खर्च, मुलांचा ताबा, स्त्रीधन, भरपाई. आणि ठळकपणे कलम २३ खालचा तात्पुरता आदेश मागा. हा न मागितल्यामुळे महिने निघून जातात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत अशी कायद्याची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणूनच तात्पुरता आदेश.

"घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध" असं ऐकवलं जाईल. ज्या घरात तुम्ही नांदलात ते नातेवाइकांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल सांगतो. मालकी मात्र मिळत नाही. आणि घर सोडलं म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही, हे २०२२ च्या निकालातलं.

संरक्षण आदेश मिळाला की त्याची प्रत पर्समध्ये ठेवा, एक शाळेत द्या, एक जवळच्या ठाण्यात. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. तो नुसता येऊन फाटकाशी उभा राहिला तरी कळवा. पहिला भंग सोडून दिला की दुसरा मोठा असतो.

## ११. माफी, बैठक आणि नोटीस

दहाव्या-पंधराव्या दिवशी तो येतो, पाया पडतो, मुलांसाठी सायकल आणतो. कधी सासरे चार मोठी माणसं घेऊन येतात. बैठकीला जायचंच असेल तर त्यांच्या घरी नाही. समुपदेशन केंद्रात किंवा विशेष कक्षात, नोंद होईल अशा ठिकाणी. तक्रार मागे घेण्याची अट आधी मान्य करू नका.

नोटरीकडे केलेली "सोडचिठ्ठी" म्हणजे घटस्फोट नव्हे, मग स्टॅम्प कितीचाही असो. तिच्यात तुमच्या पोटगीवर आणि स्त्रीधनावर पाणी सोडलेलं असतं. जातपंचायत वाळीत टाकायची धमकी देत असेल, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो गुन्हा आहे.

"नांदायला ये" अशी वकिलाची नोटीस किंवा कोर्टाचं समन्स आलं तर घाबरून कपाटात ठेवू नका. समन्सला हजर झालं नाही की निकाल एकतर्फी लागतो. छळ हे न नांदण्याचं रास्त कारण आहे. तसा आदेश त्याच्या बाजूने झाला तरी, रास्त कारण असेल तर पोटगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

तुम्ही परत गेलात, तर त्याची लाज बाळगू नका. खूप जणी दोनदा, चारदा जाऊन येतात, आणि पुढच्या वेळी त्यांना वाट ठाऊक असते. फक्त केस मागे घेऊ नका, समेट लेखी नोंदवून घ्या, खात्याची माहिती देऊ नका आणि काकूंकडची पिशवी काकूंकडेच राहू द्या.

## १२. पुढचे महिने

मुलांच्या नव्या शाळेत जुन्या शाळेच्या दाखल्यावाचून अडवलं, तर शिक्षण हक्क कायद्याची आठवण करून द्या. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, हे मुख्याध्यापकांना लेखी द्या.

रेशनकार्डावरून नाव कमी करून वेगळं कार्ड घ्या. विमा, बँक आणि भविष्य निर्वाह निधीत वारस म्हणून अजून त्याचंच नाव असतं, ते बदला. सगळे पासवर्ड बदला, आता बदलायला हरकत नाही.

रात्री दचकून जाग येणं, त्याची आठवण येणं, त्याच्यासाठी वाईट वाटणं, यातलं काहीही झालं तरी तुमचा निर्णय चुकला असा त्याचा अर्थ नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जाऊन बोला.

पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १२५ खाली, मंजूर झाली आणि तो देत नसेल, तर एक मुदत लक्षात ठेवा. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बायकांचे सहा महिने असे या कलमाखालच्या वॉरंटच्या वसुलीतून सुटलेले मी पाहिले आहेत. म्हणून कॅलेंडरवर दर महिन्याला आले किंवा नाही एवढंच लिहा, आणि तीन महिने सलग "नाही" झालं की वकिलाकडे जाऊन वसुलीचा अर्ज टाका.